कीड मी मारली होती

मंडळी,

सदाशिवरावांच्या शोकसभेला आपण कामावरून परस्पर इथे आलात. चटईवर जागा उरली नाही म्हणून काही जण जिन्यात उभे आहात. त्यांना एवढी माणसे पाहून संकोच वाटला असता. मला बोलणे कठीण जाते आहे. तीस वर्षे मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले. समोरचा आक्षेप घेईल, हे धरूनच वाक्य रचायची मला सवय. या चाळीत माझ्यावर आक्षेप घेणारा एकच शेजारी होता. आज माझे वाक्य कोणी अडवणार नाही.

सदाशिवराव शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवत. गच्चीवर तेलाच्या डब्यांत टोमॅटो लावत. का लावत, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? मी विचारले होते, तेही खोडून काढण्यासाठी.

"न्यायमूर्ती, या पानाला हात लावा," ते म्हणाले. मला ते न्यायमूर्तीच म्हणत. मी हात लावला. बोटे चिकट झाली, उग्र वास आला.

"ही रानटी जात. पानावरची ही चिकट लव बघा. माव्याची बारीक कीड बसली की तिचे पाय अडकतात. बाजारातल्या टोमॅटोला अशी लव नसते."

"मग?"

"मग दोघांचा संकर केला. ही लव पोरांत उतरते का, नातवंडांपैकी कितींत उतरते, ते मोजायचं. संरक्षण बियांतच असेल तर फवारा कशाला हवा?"

"सिद्ध करा."

"करतो. कीड तर येऊ द्या."

गोदाक्का, तुम्ही तेव्हा कपडे वाळत घालत होतात. म्हणालात, "मास्तरांनु, लोक मांजरा पाळतत, तुमी कीड पाळतास?" सगळ्यांत जास्त तेच हसले होते.

संकराच्या नातवंडांची रोपे हातभर झाली आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात सदाशिवराव तुरुंगात गेले. मी गेलो नाही. मागणी मला मान्य होती. घोषणा देणे जमत नव्हते. जाताना ते म्हणाले, "पाणी तेवढं घाला. मरतील ती मरू द्या. कोणती मरतात, त्यातच माझं उत्तर आहे."

चौथ्या दिवशी मावा पडला आणि कोवळी पाने आकसू लागली. गच्चीवर मी एकटा. वाद घालायला कोणी नाही. ज्याची रोपे तो कोठडीत; ही मेली तर त्याला काय दाखवू, एवढेच मनात आले. मी तंबाखू भिजवली, पाणी गाळले आणि प्रत्येक डब्यावर फवारले. प्रत्येक. एकही सोडला नाही.

ते सुटून आले तेव्हा सगळी रोपे हिरवीगार. लव असलेली आणि नसलेलीही. त्यांना आनंद झाला? नाही. ते डब्यांपुढे बसून राहिले.

"साधी कशी जगली, न्यायमूर्ती?"

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तुमच्या मांडणीत दोष असेल."

दोष माझ्या हातात होता. मी तो त्यांच्या मांडणीत नेऊन ठेवला, आणि त्यांनी तो मान्य केला. संकर करताना आपलाच हात चुकला, असे ते अखेरपर्यंत समजत राहिले. पुढे त्या डब्यांत तुळस आली.

मी सांगितले असते तर ते रागावले असते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बी पेरले असते. हे मला ठाऊक होते. मग का नाही सांगितले? मला त्यांच्यावाचून शेजार नव्हता. ते माझ्याकडे यायचे थांबतील, ही भीती होती. म्हणून मी जे राखले, ते माझे संध्याकाळचे बोलणे. त्याची किंमत त्यांच्या कामाने दिली.

परवा त्यांच्या टेबलाच्या खणात एक पाकीट मिळाले. त्याच नातवंडांच्या पिढीचे उरलेले बी, त्यांच्या अक्षरात नोंद केलेले. ते मी पेरणार आहे. गच्चीवर येणाऱ्यांना एक विनंती. पाने आकसली तर हळहळा, पण काही फवारू नका. मी पाणी तेवढे घालीन. मरतील ती मरतील. मी मोजीन.

आता आपण उभे राहू या. या बाबतीत मी दोन वर्षे गप्प होतो. सदाशिवराव, आता आणखी दोनच मिनिटे.