प्रश्नोत्तरं संपली

वहिनी : तुमचे दादा चिडलेले असते तर बरं झालं असतं हो. चिडले की भांडी आपटतात, दोन शब्द बोलतात, मग पोटभर जेवतात. आता मुकाट्याने जेवतात आणि स्वतःचं ताट स्वतः घासतात. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा या माणसाला घासणी कुठे असते ते कळलं.

चिमी : माझ्याबद्दल काही बोलला का?

वहिनी : तुमचं नाव काढलं की ह्यांना गच्चीवरची टाकी आठवते. आत्ताही टाकीच धुताहेत. परवाच धुतली होती.

चिमी : वहिनी, मी दादाचं नाव कुठेही घातलेलं नाही. पूर्ण अहवालात नाही.

वहिनी : नाव कशाला हवंय, चिमीताई? ‘प्रदूषण मंडळाचा एक तपासनीस कारखान्याच्या अलीकडच्या वळणावर गाडीचा हॉर्न वाजवतो. तो ऐकून आतले लोक रंगाचं पाणी ओढ्यात सोडायचं थांबवतात. मग साहेब पोचतात आणि स्वच्छ पाण्याची बाटली भरून घेऊन जातात.’ असा साहेब त्या ऑफिसात एकच. ओळखायला कितीसा वेळ लागतो? ह्यांच्या टेबलाजवळून जाताना आता शिपाईसुद्धा तोंडाने पीं पीं करतो. म्हणून रजा टाकलीय.

चिमी : शिपाईसुद्धा?

वहिनी : तुमचा पाय मोडला होता तेव्हा तुम्ही इथे राहिलात. मी म्हटलं, नणंद आहे, विदुषी आहे, जपू या. मला काय माहीत, मी इकडे ताटं वाढतेय आणि तिकडे संशोधन चाललंय!

चिमी : मी विचारलं होतं त्याला. ‘दादा, हे लिहू का,’ म्हणून. तो हसला.

वहिनी : बहिणीने जेवताना विचारलं तर भाऊ हसणार नाही तर काय वकील बोलावणार? आले बघा. अहो, पाय पुसा आधी!

दादा : कधी आलीस?

चिमी : झाला थोडा वेळ. दादा, मला बोलायचंय.

दादा : बोल. मध्येच ‘वेळ संपली’ म्हणू नकोस म्हणजे झालं.

वहिनी : हे काय बोलणं झालं? त्या स्वतःहून आल्यात.

चिमी : बोलू द्या त्याला, वहिनी. दादा, तू वहिनींना सांगितलं नाहीस?

दादा : काय सांगायचं?

वहिनी : माझ्याच घरात मी पाहुणी झाले की! काय सांगितलं नाही?

चिमी : शनिवारी माझ्या अहवालावर सभा होती. सरकारी अनुदानातून केलेला अभ्यास आहे, लोकांच्याच पैशाने. म्हणून लोकांपुढे मांडायचा असतो. ओढ्याकाठच्या वस्तीतली माणसंही आली होती. त्यातल्या एक बाई उठल्या आणि त्या हॉर्नवाल्या साहेबाबद्दल विचारायला लागल्या. मी सांगितलं, ‘नाव सांगणार नाही, मी शब्द दिलाय, कुणी कितीही दबाव आणला तरी सांगणार नाही.’ सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

वहिनी : मग चांगलंच केलंत की.

दादा : बाईंनी नाव विचारलंच नव्हतं.

चिमी : हो.

दादा : त्या म्हणाल्या, ‘नाव राहू दे, पण तो असं का करतो तेवढं सांगा.’ न विचारलेल्याचं उत्तर दिलंस आणि टाळ्या घेतल्यास.

वहिनी : तुम्हाला काय माहीत? तुम्ही काय तिथे होतात?

चिमी : होता, वहिनी. शेवटच्या रांगेत.

वहिनी : शनिवारी? तुम्ही तर चष्मा दुरुस्त करायला गेला होतात!

दादा : तोही केला.

चिमी : टाळ्या थांबल्या आणि दादा उभा राहिला. हात वर करून. मला स्टेजवरून स्पष्ट दिसला. आणि मी माईक ओढून घेतला आणि म्हटलं, ‘वेळ संपली, प्रश्नोत्तरं इथेच थांबवू या.’ त्याच्याकडे बघत म्हटलं.

वहिनी : अगंबाई. पण... ह्यांना वाचवायलाच ना? हे भर सभेत काहीतरी बोलून बसले असते.

चिमी : मीही घरी जाईपर्यंत स्वतःला तेच सांगत होते.

दादा : आणि घरी गेल्यावर?

चिमी : घरी गेल्यावर नाही पटलं. तू बोलला असतास तर पुढचा प्रश्न आलाच असता, हा तुमचा कोण? आपलं आडनाव एक, बाबांचं नाक दोघांच्याही तोंडावर. आणि तो अधिकारी माझा भाऊ आहे, हे मी कुठेच कळवलेलं नाही. ज्यांची मुलाखत घेतो त्यांच्यात नातेवाईक असेल तर आधी सांगावं लागतं. नियमच आहे. नियम कागदावर असतात आणि पाळले का जात नाहीत, हा माझा विषय, दादा. आणि मी तिथे उभी राहून...

वहिनी : बसा आधी. पाणी घ्या.

दादा : मी तुझा अहवाल वाचलाय. सगळा. त्यात आणखी एक तपासनीस आहे, बाटलीवर खोटी तारीख टाकणारा. त्याला काय म्हटलंयस?

चिमी : ‘बेजबाबदार’.

दादा : आणखी?

चिमी : ‘निर्ढावलेला.’

दादा : त्याने खऱ्या पाण्यावर खोटी तारीख टाकली. मी खऱ्या तारखेला खोटं पाणी भरलं. मला काय म्हटलंयस?

चिमी : नको ना.

दादा : मला पाठ आहे. ‘अपुऱ्या मनुष्यबळामुळे आणि वरिष्ठांच्या दबावाखाली पिचलेला, मुळात प्रामाणिक कर्मचारी.’

वहिनी : खोटं काय आहे त्यात? पिचलेलेच आहात.

दादा : नाही. तेच सांगायला उभा राहिलो होतो. मी पिचलेलो नव्हतो, मला कंटाळा आला होता.

वहिनी : कंटाळा?

दादा : सुरुवातीला मी निळंजांभळं पाणी भरून पाठवायचो. मग त्यांना नोटीस, मग त्यांचा वकील, मग मला कोर्टाच्या तारखा. आमचे वरचे साहेब कपाळाला हात लावायचे, पण कधी अडवलं नाही त्यांनी. एकदा त्या वळणावर कुत्रं आडवं आलं, म्हणून मी हॉर्न वाजवला. गेटवर पोचतो तर पाणी स्वच्छ. बाटली भरली, लवकर घरी आलो, संध्याकाळी हिच्याबरोबर फिरायला गेलो. पुढच्या खेपेला कुत्रं नव्हतं. तरी वाजवला.

चिमी : हे तू मला तेव्हा सांगितलं नव्हतंस.

दादा : तू विचारलंस कुठे? तू विचारलंस, ‘वरून दबाव येत असेल ना रे, दादा?’ तुझा पाय उशीवर, चेहऱ्यावर एवढी माया. कोण नाही म्हणेल?

चिमी : दुसऱ्या कुणाला मी असं विचारलं नसतं.

दादा : ठाऊक आहे. ऑफिसातलं पीं पीं मी सहन केलं असतं. ते खरंच आहे. पण कुणी धमकावलं नाही, कुणी पैसा दिला नाही. दिला असता तर लाचखाऊ तरी म्हणता आलं असतं. मी फुकटात केलं, चिमे. आणि तू मला बिचारा करून टाकलंस. ते पान वाचून मान वर करवत नाही.

वहिनी : मला एका शब्दाने बोलला नाहीत. आपण फिरायला जायचो, मी गप्पा मारायचे, आणि तुम्ही...

दादा : तुला फिरायला आवडायचं.

वहिनी : माझ्यावर ढकलू नका हं.

दादा : नाही ढकलत.

चिमी : मी ते पान बदलते. नातं कळवते, सगळं कळवते. अनुदान देणारे जाब विचारतील, विचारू देत. पुढचं काम नाही मिळालं तर नाही.

दादा : ते तुझं तू बघ. मला आधी त्या बाईंना उत्तर द्यायचंय. वस्ती काही लांब नाही.

वहिनी : आत्ता? लोक अंगावर आले तर?

दादा : आले तर आले.

चिमी : मी येऊ?

दादा : ये. पण माझ्या वतीने एक शब्द बोलायचा नाही.

वहिनी : आणि ती पँट बदला. टाकी धुतलेल्या पँटवर माफी मागायला जातं का कुणी?

(ओढ्याकाठची वस्ती. एका घराचं उघडं दार.)

बाई : कोण पाहिजे?

दादा : तुम्हीच. शनिवारी सभेत तुम्ही विचारलं होतंत, हॉर्नवाला साहेब असं का करतो. तो मी.

बाई : तुम्ही? मला वाटलं होतं, चांगला जाडजूड असेल.

दादा : तुम्ही विचारलंत तेव्हा मी तिथेच होतो. उत्तर द्यायचं राहिलं.

बाई : तुमचा हॉर्न आम्हाला इथे ऐकू यायचा बरं का. तो वाजला की आम्ही बायका धुण्याच्या बादल्या उचलून पळत सुटायचो. थोडा वेळ पाणी निवळ असायचं ना. माझ्या सासूबाई म्हणायच्या, ‘कोण देवमाणूस आहे, येतो आणि पाणी स्वच्छ करून जातो.’

दादा : असं नका म्हणू.

बाई : मी कुठे म्हणतेय? त्या म्हणायच्या. त्यांना काय माहीत तुमचं काम काय ते. मलाही सभेतच कळलं. ऐकताना अंगाची लाहीलाही झाली. म्हणून विचारलं. का करत होतात?

दादा : कंटाळा आला होता.

बाई : कशाचा?

दादा : भांडायचा. कोर्टात खेपा घालायचा.

बाई : एवढंच?

दादा : एवढंच.

बाई : मुलीच्या हातापायांवर चट्टे आहेत माझ्या. खाजवून खाजवून रक्त काढते. दवाखान्याच्या रांगेत उभं राहून मलाही कंटाळा येतो, साहेब.

दादा : हो.

बाई : तरी जाते.

दादा : माझी अजून बदली झालेली नाही. उद्या मी कामावर जातोय. गाडी न घेता, चालत येईन आणि बाटली भरेन. ती भरताना तुम्ही शेजारी उभ्या राहाल का?

बाई : उद्याचं उद्या. आधी या तर खरं. ह्या ताई तर स्टेजवर होत्या ना? ह्यांनी नाव सांगितलं नाही तेव्हा मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. म्हटलं, शब्दाला पक्की आहे बाई. ह्यांनीच समजावून आणलं का तुम्हाला?

चिमी : नाही. त्यानेच मला आणलं.

बाई : असं? तुमच्या कोण ह्या, साहेब?

दादा : तिलाच विचारा.

बाई : कोण हो तुम्ही?

चिमी : बहीण. सख्खी.

बाई : ...मग आत या दोघंही. असलं बोलणं दारात उभं राहून होत नाही.