नागपंचमीचा सुरुंग

(मिरजगावजवळचं रान, १९७२चा दुष्काळ. कोरड्या विहिरीच्या काठावर चांगुणाबाई बसल्यात. पुतण्या रंगनाथ, शाळेतला भूगोलाचा मास्तर, समोर उभा.)

रंगनाथ : काकू, उठा आता. सुरुंगाची दारू भरून झालीय, माणसं वात पेटवायला खोळंबलीत.

चांगुणा : खोळंबू दे. म्या हितनं हलत न्हाई.

रंगनाथ : परवा गाय बसली ती उठलीच नाही. दहा हात खाली गेलो तर पाणी लागेल.

चांगुणा : त्या साली बी आसंच म्हनत हुते समदे. सुरुंगवाले नेमके नागपंचमीला मोकळे. त्या दिशी आपन चुलीवर तवा ठिवत न्हाई, इळीला भाजी लावत न्हाई. माझा सहादेव नगं नगं म्हनत हुता. म्याच म्हनलं, उडवा. पानी तर न्हाईच लागलं. लेकरू कोयनेला कामाला गेलं, अन् चार म्हयन्यांत तिथली जमीन हालली. भिंतीखाली गेला रे त्यो. म्या नाग दुखावला.

रंगनाथ : आपल्या सुरुंगाचा हादरा गावच्या वेशीपर्यंतसुद्धा गेला नसेल.

चांगुणा : मग कुनी हालवली?

रंगनाथ : कुणीच नाही. जमिनीचं कवच सलग नाहीय, काकू. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. खाली लई तापलेला, मऊ खडक. त्यावर हे तुकडे सरकतात, वर्षाला दोन-चार बोटं. एकमेकांना रेटतात, अडकतात. रेटा साठत राहतो आणि एक दिवस खडक तुटतो. तोच भूकंप.

चांगुणा : अन् आग वकनारे डोंगर?

रंगनाथ : एक तुकडा दुसऱ्याखाली गेला, नाहीतर दोन तुकडे फाकले, की तिथं खडक वितळून वर येतो. तुम्ही बसलाय तो काळा पाषाणसुद्धा कधीकाळी असाच वाहत आला. तेव्हा माणूस जन्माला यायचा होता.

चांगुणा : मंजी कोयना दोन तुकड्यांच्या शिवंवर हाय?

रंगनाथ : नाही, खरं सांगतो. ती शीव लांब, हिमालयाकडं. पण तुकड्याच्या पोटातही जुन्या भेगा असतात, रेटा तिथवर पोचतो. कुणी म्हणतं, धरणाच्या पाण्यानंही झालं. अजून वाद चाललाय.

चांगुणा : मला रोज पहाटं हालल्यावानी हुतं. मांडनीवरची भांडी वाजत्यात. उठून बघते, तर समदं जागच्या जागी.

रंगनाथ : मलाही वाजलेली ऐकू येतात.

चांगुणा : तुला कशापायी? हे समदं तुला तवा ठावं हुतं?

रंगनाथ : नव्हतं. नंतर वाचलं. मिळेल तिथनं पुस्तकं आणली, रात्रंदिवस वाचली.

चांगुणा : का रं?

रंगनाथ : काकू... कोयनेच्या कामाची चिठ्ठी सहादेवला मीच आणून दिली होती. त्याला जायचं नव्हतं. मीच मागं लागलो. वाटलं, कुठल्यातरी पुस्तकात सापडेल की यात कुणाचाच दोष नाही.

चांगुणा : मला ठावं हाय.

रंगनाथ : काय?

चांगुणा : चिठ्ठीचं. जाताना त्योच सांगून गेला, रंगादादानं काम लावलंय म्हून. लई खुशीत सांगितलं.

रंगनाथ : पाच वर्षं तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत.

चांगुणा : बोलून काय करू? सहादेवामागं मला तूच हाईस. नागाचं नाव घेतलं, माझं घेतलं. तुझं घ्यायला तोंड हुईना.

रंगनाथ : काकू...

चांगुणा : हात दे. उठू दे मला.