पंचावन्न मिनिटं

लेक : टपालाचं विमान? मालाचं? मी पोत्यांवर बसून जाईन.

खिडकीवाला : टपालाचं जायचं हो, सरळ तुमच्या गावाला. बंद होऊन वर्षं लोटली. आता आधी राजधानी, तिथे मुक्काम, मग आणखी दोन विमानं. उद्या दुपारी दोनला पोचाल.

लेक : वडील गेले हो माझे. आज पहाटे.

खिडकीवाला : कळतंय, बाई. पण विमान काही माझ्या खिशात नाही. काढू तिकीट?

लेक : काढा.

(तिचा फोन वाजतो. तिकडून धाकटा भाऊ.)

भाऊ : ताई, बसलीस का विमानात?

लेक : बसते कसली, बारक्या! खिडकीशीच उभी आहे. उद्या दुपार होईल मला.

भाऊ : उद्या? अगं, काकांनी आज चारची वेळ दिली सगळ्यांना. माणसं जमलीसुद्धा.

लेक : मला न विचारता?

भाऊ : विचारायचं काय त्यात? गावाला तोंडपाठ आहे. लेकीच्या गावची धावपट्टी इथून तीनशे दहा किलोमीटर, विमानानं पंचावन्न मिनिटं. काका म्हणाले, जेवून निघाली तरी पोचेल.

लेक : अरे, ते बाबांनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढलेलं! सरळ विमान आहे कुठे आता?

भाऊ : मला माहीत आहे. गावाला कुठे माहीत आहे?

लेक : आणि तू कधी बोलला नाहीस.

भाऊ : तू बोललीस?

लेक : नाही. फोनवर म्हणायचे, 'काय, पंचावन्न मिनिटांवरच तर आहेस.' मी हो म्हणायचे. बारक्या, त्यांना वाटलं असेल, इतक्या जवळ असून पोरगी चार वर्षं फिरकली नाही.

भाऊ : वेडी आहेस का? तीस वर्षं धावपट्टीवर वारा मोजला त्या माणसानं. टपालाचं विमान बंद झाल्याचा कागद त्यांच्याच हातात पडला होता. मी एकदा म्हटलंही, बाबा, लोकांना कशाला बनवता? तर म्हणे, वेळापत्रक कंपनीचं, अंतर आपलं.

लेक : असं म्हणाले?

भाऊ : असंच. चहा फुंकत.

लेक : मी येईपर्यंत नेऊ नका रे. एकदा चेहरा बघू दे.

भाऊ : बर्फ आणवतो मासळीवाल्याकडून. प्रश्न काकांचा आहे. मघापासून घड्याळाला नजर चिकटलीय त्यांची. पूर्वी विमानाला उशीर झाला, लोक कावले, की बाबा धावपट्टीवरच्या आपल्या खोलीतून बाहेर यायचे. 'वारा समोरचा आहे' म्हणायचे. बस. तासन्‌तास गप्प बसायची माणसं.

लेक : खरं काय ते सांगून टाक सगळ्यांना.

भाऊ : आज? ते समोर निजलेले असताना त्यांचा शब्द खोटा पाडू?

लेक : मला आता काही सुचत नाही, बारक्या. सकाळपासून उभीच आहे मी.

भाऊ : तू बस जरा कुठेतरी. पाणी पी.

लेक : आणि तू काय सांगशील त्यांना?

भाऊ : सांगतो, ताई निघाली आहे. वारा समोरचा आहे.