अकरा इंच उडीचा ऑरिन

...आणि वर पुन्हा विचारतात काय, तर 'उडी किती?' अहो, उडी किती म्हणजे काय! मी काय बेडूक पाळलेत? कॉलेजच्या ऑफिसातून फॉर्म आलाय, हा बघा, नाव, उंची, वजन, उडी कंसात इंच, धाव कंसात सेकंद... आणि डोकं? डोक्याचा रकाना कुठाय? मी दोन्ही बाजूंनी पाहिला, उलटा करून पाहिला, आर्लीनचा चष्मा लावून पाहिला. नाही! आर्लीन म्हणजे आमच्या सौभाग्यवती, ती म्हणाली, "व्हर्लिन, अरे तुझ्या सोयीसाठीच नसेल ठेवला." घ्या! एकतीस वर्षं या कॉलेजच्या पोरांना बास्केटबॉल शिकवतोय, इंडियानातलं एवढंसं गाव, गावापेक्षा आमचं जिम मोठं, आणि घरी ही किंमत.

तर उडी. ब्रॉक हॅल्व्हरसन, चाळीस इंच. लिहिलं. देवमाणूस पोरगा, वर गेला की खाली येईपर्यंत माझी पेपरमिंटची गोळी संपते. आता एकदा उत्साहाच्या भरात आपल्याच बास्केटवर निघाला होता, पण ते सोडा, कुठल्या रकान्यात लिहिणार? बाकावरून आवाज आला, "ब्रॉक, पलीकडे!" म्हणून वाचलो. तो आवाज कुणाचा? ऑरिन टिब्ज. उडी, अकरा इंच. अकरा, तुम्हाला सांगतो! आणि ते पण मोजणाऱ्याला दया आली म्हणून. मुळात साडेदहा होते.

मग घेतलाच कशाला, म्हणाल. अहो, चार वर्षांपूर्वी त्याच्या गावी सामना बघायला गेलो होतो दुसऱ्याच पोरासाठी, आणि बघतो तर हा एक ढिम्म उभा. धावत नाही, उडत नाही, आणि चेंडू मात्र दर वेळी चालत याच्याच हातात! मी म्हटलं, हा काय प्रकार आहे? विचारलं त्याला. म्हणतो, "कोच, त्यांचा तो उंच पोरगा डावीकडे वळायच्या आधी जीभ बाहेर काढतो. मग मी आधीच डावीकडे जाऊन थांबतो." जीभ! मी आयुष्यभर पोरांचे पाय बघत आलो, आणि हा बघत होता जीभ!

गेलो तसाच त्याच्या घरी. आई, लोरेटा, शाळेची बस चालवते, एकटीने वाढवलंय पोराला. तिने पर्सिमनच्या गोड फळांचं पुडिंग पुढ्यात ठेवलं, आणि मी पहिला घास तोंडात टाकतोय तोच म्हणते, "कोच, खरं सांगा, खेळवणार का याला? नुसत्या पाण्याच्या बाटल्या भरायला नेत असाल, तर आत्ताच सांगा." आता तोंडात पुडिंग, काय सांगणार? आमच्याकडे पद्धत आहे, शेवटच्या वर्षाच्या पोरांना घरच्या शेवटच्या सामन्यात पहिल्या पाचांत उतरवायचं, आईला मैदानात बोलावून तिच्या हातात फूल द्यायचं. मी म्हटलं, "बाई, बाकी काही नाही तरी त्या दिवशी तुमचा मुलगा पहिल्या पाचांत असेल. शब्द दिला." तोंड भरलेलं होतं, पण शब्द तो शब्दच ना हो?

मग चार वर्षं तो माझ्या डाव्या हाताच्या खुर्चीवर. खुर्चीवर! खेळला असेल किती, सगळं मिळून एका शाळेच्या तासाएवढं. पण मी कुणाला बदलू, तो सांगणार. कोण दमलंय, कोण घरी भांडून आलंय, तो सांगणार. आणि माझे हात धरणार.

हो, हात. हसू नका. मला रोग आहे. सामना रंगात आला की माझे हात आपोआप वर जातात, एक तळवा आडवा, दुसरा त्याच्याखाली उभा, म्हणजे टाइमआउट मागायची खूण. मेंदूला विचारतच नाहीत! आणि टाइमआउट असतात मोजके. संपल्यावर मागितला की दंड, समोरच्यांना दोन मोकळे फेक, वर चेंडूही त्यांचाच. तर हात वर निघाले की हा मनगटं धरायचा. "संपले, कोच." "संपले?" "केव्हाच." की माझे हात खिशात. मागच्या रांगेतल्या बायकांना वाटायचं, किती भाविक आहेत, एकमेकांचे हात धरून प्रार्थना करतात! फॉर्मात कुठेय हो हे? अकरा इंच, तुम्हाला सांगतो!

आणि आला तो दिवस. घरचा शेवटचा सामना. जिंकलो तर एकोणीस वर्षांनी मोठ्या स्पर्धेत, हरलो तर चेंडू कपाटात. आदल्या दिवशी ऑरिन माझ्या खोलीत आला, दार लावलं. "कोच, उद्या मला पहिल्या पाचांत उतरवू नका."

"अरे, तुझ्या आईला शब्द दिलाय मी!"

"त्यांचा बावीस नंबर माझ्या डोक्यावरून तीन मिनिटांत आठ गुण करेल. ते फेडायला सगळा सामना जाईल. मला शेवटचं मिनिट द्या. तेव्हा सगळे दमलेले असतात, उड्या संपलेल्या असतात. तेव्हा सगळे माझ्याएवढेच उडतात."

"आणि आईला काय सांगशील?"

"सांगतो की शब्द दिला तेव्हा कोचच्या तोंडात पुडिंग होतं." हसला. आणि मग मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागला, आणि तुम्हाला सांगतो, त्याचे कान लाल झाले होते. चार वर्षं वाट पाहिली होती पोराने. त्याला हवं होतं हो ते. खूप हवं होतं. आणि मी हे दिसत असूनही 'बरं' म्हटलं, कारण मलाही जिंकायचं होतं. लाज वाटते सांगायला, पण म्हटलं.

लोरेटा आली, तीन तास गाडी हाकत. फूल घेतलं, पोराचा मुका घेतला, आणि पहिल्या पाचांची नावं पुकारली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही हो... रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या मागून आर्लीन म्हणाली, "व्हर्लिन, आता जिंकच बाबा." 

आणि सामना म्हणजे काय, बापरे! ते दोनने वर, आम्ही एकने वर, ते तीनने, माझे हात सात वेळा वर, चार वेळा ऑरिनने धरले, तीन वेळा टाइमआउट खरेच उरले होते म्हणून मागू दिले, तेही संपले, आणि शेवटचं मिनिट आलं. आम्ही एका गुणाने मागे. मी म्हटलं, "जा, बाळा." तो उठला, दोन पावलं गेला, परत आला, म्हणाला, "कोच, एकही उरलेला नाही. लक्षात ठेवा." मी म्हटलं, "अरे जा रे, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

नऊ सेकंद. आमचा फेक हुकला. बावीस नंबर उडाला, आकाशात गेला, चेंडू घेतला. ऑरिन? ऑरिन खाली उभा! उडालाच नाही! पण कितीही उडा, खाली यावंच लागतं ना हो? तो खाली आला आणि ऑरिनने दोन्ही हातांनी त्या चेंडूला मिठी मारली. घट्ट! तो ओढतोय, हा सोडत नाही, तो गरगर फिरवतोय, हा चेंडूबरोबर फिरतोय! पंचांनी शिट्टी मारली. आता दोघांनी धरलेला चेंडू कुणाला, तर टेबलावर एक बाण असतो, तो ज्या बाजूला त्यांना, पुढच्या वेळी दुसऱ्यांना. अख्ख्या जिममध्ये तो बाण आधीच पाहून ठेवलेला माणूस एकच. बाण आमच्याकडे!

ऑरिनने बाहेरून चेंडू आत फेकला, कुणाच्याच दिशेने नाही, वर, बास्केटशेजारी हवेत, आणि तिथे कोण आलं? ब्रॉक! चाळीस इंच! हवेतल्या हवेत धरला आणि आत! आम्ही एकने पुढे! तीन सेकंद उरलेत, जिम फुटायच्या बेतात, लोरेटा खुर्चीवर चढलीय, आर्लीन माझ्या पाठीत गुद्दे घालतेय, आणि मला वाटलं, आता पोरांना जवळ बोलवावं, नीट समजावून...

हात निघाले.

मी डावीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी.

आणि मैदानाच्या त्या टोकाकडून ऑरिन धावत येतोय, आयुष्यात इतका धावला नव्हता, "कोच, हात! हात खाली!" ओरडतोय, येतोय, येतोय... पण तुम्हाला सांगतो, धाव कंसात सेकंद! पोचेल कसा?

शिट्टी. दंड. बावीस नंबरने दोन्ही फेक आत घातले, जीभ बाहेर काढून. आम्ही एका गुणाने हरून घरी.

शब्दही मोडला, सामनाही घालवला, दोन्ही मीच! कपडे बदलायच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलो. ऑरिन शेजारी येऊन बसला, डावीकडेच. म्हणतो, "कोच, चूक माझी. मैदानात जाताना बाकावरच्या दुसऱ्या पोराला तुमचे हात धरायला सांगायला हवं होतं." मग रडलो हो मी. साठीचा माणूस, पोरासारखा रडलो. आणि दारातून लोरेटा आली, पुडिंगचा डबा घेऊन. मी म्हटलं, "बाई, तो शब्द..." तर चमचा माझ्या तोंडात! म्हणाली, "कोच, आता शब्दबिब्द देऊ नका. नुसतं खा. आज माझं पोर खेळलं, मी डोळ्यांनी पाहिलं."

आता मे महिन्यात त्याची पदवी झाली, गणिताचा मास्तर व्हायला निघाला होता, मी थांबवून घेतला. सहायक कोच म्हणून. तर ऑफिसवाले म्हणतात, खेळाडूंचाच फॉर्म भरा, खाली त्याचंही नाव घाला. हाच! मघापासून हाच घेऊन बसलोय. उडी? अकरा इंच. खरी साडेदहा, पण आता मलाही दया येते. आणि कामाचं स्वरूप? तीन ओळी सोडल्यात त्यांनी. मी एकच लिहिली: 'माझे हात धरणे.' आर्लीनने वाचलं, आणि मी खाली सही करण्याआधी विचारते, "आणि घरी असशील तेव्हा कोण धरणार?"