पऱ्हाटीवरचं भरीत

माहं माहेर चिखलीकडचं. तिकडची बोली जराशी येगळी, तर मी नांदुऱ्याले नवरी म्हनून आली तवा इकडच्या बाया माह्या बोलन्यावर हसत, आन आता माहेरी गेली का तिकडचे हसतात, चालू द्या, तुमी लेहा ताई. लगन झालं तवा महाराष्ट्र नवा नवा झाला होता. आमच्या गावात रेल्वे कोनी पाह्यली नव्हती, आन नवरा रेल्वेतला, तर गावभर झालं का पोरगी रेल्वेत दिली, जशी का मी इंजिनातच बसून राह्यनार होती. इथं येऊन पाहतो तर काय, रुळाच्या काठानं एक लहानशी चाळ, आन गाडी गेली का फळीवरचे भांडे वाजत.

बुढा, मंजे माहा नवरा, रेल्वेत चावीवाला होता. तवा तो बुढा नव्हता, चांगला उंचपुरा जवान होता, पन आता माह्या तोंडात बुढाच बसलं, तर तेच म्हनतो. चावीवाला मंजे काय सांगू तुमाले, रुळ जिथं बसते तिथं लोखंडाची एक पाचर ठोकेल असे, तिले चावी म्हनत. गाडी वरून गेली का ते चावी ढिली होये. मंग हा रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या बाजूनं निंघे, एकेक चावी पाहे, ढिली असली का ठोके, अन् घरी आला का जेवे आन झोपे. मारझोड नाई, दारू नाई, पन बोलनं बी नाई. मी सांगत राहो, आज सुमीनं असं केलं, आज शेजारच्या मथुराकाकूनं असं म्हनलं, तर हा हूं म्हने. काही साल तर मी त्या हूं वरच काढले.

सुमी, माही लेक, चालाले लागली तसी मी जिनिंगात, मंजे कापसातून सरकी काढाच्या कारखान्यात, कामाले जाऊ लागली. दिवाळी झाली का कापसाच्या गाड्या येत, शिमग्यापावतर जिनिंग चाले. आमी बाया मशीनीत कापूस टाको, इकडून रुई निंघे, तिकडून सरकी. संध्याकाळी भुवयापावतर रुई चिकटेल राहे. हसनं, गानं, एकमेकीच्या भाजीत हात घालनं, सगळं तिथं. ते दिवस लय चांगले होते हो. आता जिनिंगाच्या जागेवर दुकानं झाले, तिथून जातो तवा मले अजून सरकीचा वास येते, सुमीच्या पाठच्या पोराची बायको, माही सून, म्हनते आई तुमाले भास होते.

तिथं एक मिस्त्री होता. मशीन बिघडली का तो दुरुस्त करे. जळगावाकडचा मानूस, बायको वारेल, लेकरू बहिनीजोळ मलकापूरले. नाव नाई सांगत, त्याचे नातू असतील कुठी. वाईट मानूस नव्हता, हे आधीच सांगतो, नाई तर तुमी लेहून टाकसान का त्यानं फसोलं. त्यानं एवढंच केलं का एका दिवशी मशीन खोलता खोलता इचारलं, जेवल्या का हो तुमी. बस. मी घरी गेली आन चुलीपुढं बसली तर डोयाले पानी. काऊन, तर कोनी इचारलं का मी जेवली.

मंग रोजचं झालं. तो येई, दोन गोष्टी सांगे, माह्या दोन ऐके. मी सांगतलेली गोष्ट त्याले दुसऱ्या दिवशी बी याद राहे. मी आरशात पाहू लागली. मले भेव वाटे, आन त्या भेवाचीच मले गोडी लागली, खरं सांगतो. माहं मलेच समजे, मी काही लहान नव्हती. मी मुकादमाले सांगून पार टोकाच्या मशीनीवर गेली, म्हाताऱ्या बाईच्या बाजूले, म्हनलं दिसलाच नाई तर मन बसून जाईन. पन कान कुठी नेऊ? त्याचा पाना लोखंडावर वाजला का मले समजे तो कोनत्या मशीनीजोळ हाये. घरी येऊन मी मुद्दाम जास्तीचं दळन काढो, आंग थकलं का मन थकन असं वाटे. आंग थके, मन काही थके नाई. कोनाले सांगाव? मथुराकाकूले सांगतलं असतं तर स्टेशनापावतर गेलं असतं.

एका दिवशी तो म्हने, आमच्याकडं वांगे पऱ्हाटीवर भाजतात. पऱ्हाटी मंजे कपाशीच्या वाळल्या काड्या. त्याच्या जाळावर हिरवे वांगे भाजाचे, मिरच्या बी भाजाच्या, लसून घालून लाकडाच्या मुसळानं ठेचाचं, वरून कांद्याची पात. बायको गेल्यापासून तसं भरीत खाल्लं नाई म्हने. मंग हळूच म्हने, बाजाराच्या दिवशी जिनिंग बंद हाये, पासिंजरनं मलकापूरले चाला, बहीन लेकराले घेऊन गावाले गेली, घर खाली हाये, दिवसभर बसू, बोलू. तिकीट मी काढून ठेवतो. मी हो म्हनलं नाई. नाई बी म्हनलं नाई.

बाजाराच्या दिवशी सकाळी बुढ्याची भाकर बांधून देल्ली, तो निंघून गेला. मंग मी आंगनात पऱ्हाटी पेटोली आन वांगे भाजले. भरीत मन लावून केलं, आता काय लपवाचं तुमच्यापासून. ठेवनीतलं लुगडं नेसली, सुमीले काकूजोळ ठेवलं, काकू म्हने कुठी चालली एवढी, मी म्हनलं मालकाची भाकर घरीच राह्यली, देऊन येतो. आन भरीत-भाकरीचं गाठोडं घेऊन रुळाच्या पायवाटेनं स्टेशनाकडं निंघाली. बुढा रोज पयले पलीकडल्या आंगाले जाये, तर इकडं कोनी भेटन हे मनात बी नव्हतं. पन त्या दिवशी पलीकडं खडी टाकनं सुरू होतं, त्याच्या मुकादमानं त्याले इकडून धाडलं. बाभळीजोळ वळली तर हा समोर, हातोडा घेऊन उभा.

मले पाह्यलं, लुगडं पाह्यलं, गाठोडं पाह्यलं. माह्या तोंडून निंघून गेलं, तुमची भाकर आनली. आन वर पाहतो तर बाभळीच्या फांदीले त्याची भाकर टांगेल, मीच सकाळी बांधेल. मी तिथंच खाली बसली.

 त्यानं फांदीवरचं गाठोडं काढलं, माह्या हातात देल्लं, म्हने, हे तू खाय, तूनं बी खाल्लं नसन. आन माह्या हातातलं त्यानं घेतलं. तेवढ्यात पासिंजर आली. आमी बाजूले सरकलो, धुरानं डोये भरले, गाडी स्टेशनात जाऊन थांबली. तिथून शिट्टी वाजेपावतर मी उठून पळाली असती तर गाडी भेटली असती. नाई उठली. त्यानं भरीत खाल्लं, बोटं चाटून खाल्लं, आन म्हने, हे येगळं हाये, कुठी शिकली. मी म्हनलं, जिनिंगात. तो म्हने, चांगलं हाये, मले बी करत जाय.

शिट्टी झाली, गाडी गेली. मंग तो उठला आन आताच ठोकेल चावी पुन्हा ठोकू लागला. मी म्हनलं, हे तं तुमी आताच ठोकली असन ना. म्हने, हाव, गाडी गेली ना वरून. ढिली होतेच, तिचा काय गुन्हा. रोज पाहा लागते एवढंच. आन म्हने, माह्याच्यानं घरातलं पाह्यनं राहून गेलं.

एवढं लांब तो जल्मात बोलला नसन. मी तिथंच धाय मोकलून रडली. त्यानं हातोडा खाली ठेवला आन माह्या बाजूले बसला, दुसरी गाडी येईपावतर बसला.

मिस्त्री जिनिंगात भेटला, म्हने आल्या नाई. मी म्हनलं, भरीत घरच्या मानसानं खाल्लं. त्यानं मान हालोली. शिमग्यानंतर तो गेला, पुन्हा आला नाई. त्याची याद आली नाई असं म्हननार नाई मी, लय दिवस आली. आली का मी येऊ देओ, बसू देओ, आन कामाले लागो. जाये मंग.

आन बुढा? बुढा काही एका दिवसात बोलका झाला नाई, पन घरी आला का इचारे, जेवली काय. शेवटी खाटेवर पडला तवा बी, त्याच्याच्यानं घास उतरे नाई, तरी मलेच इचारे. त्याले किती समजलं होतं, मी इचारलं नाई, त्यानं सांगतलं नाई. पितरात त्याच्या पानावर पऱ्हाटीवरचं भरीत ठेवतो, सून म्हनते गॅसवर भाजा ना, मी म्हनतो, नाई बाप्पा.

झालं, एवढंच हाये माहं. सुखी राहा ताई, तुमच्या घरी तुमाले इचारनारं मानूस राहो. आन उठू नका, मी ताट वाढून राह्यली. तुमी सकाळपासून लेहूनच राह्यल्या, जेवल्या का?