मापाचा ब्लाउज

गडहिंग्लजची एसटी स्टँडातनं हलली. आक्काताई डोळे मिटून बसल्या खऱ्या, पण कान पुढच्या सीटवरच्या दोघींकडं होते.

"प्रीते, आमचं हे व्हिएतनामला गेलतं न्हवं, कंपनीच्या ट्रिपला? नदीकाठच्या त्या जुन्या गावात, होई आनला, चार दिस नुसता पाऊस. हाटेलातनं भायेर पडलोच न्हाय म्हणत्यात."

"मग?"

"मग माझ्यासाठी ब्लाउज कुठनं शिवून आणला?"

"तिथं एका दिवसात शिवून देत्यात की."

"पण मापाचा ब्लाउज तर माझ्या कपाटातच हुता!"

"अंदाजानं सांगितलं असंल माप. दंडाला जरा घट्ट हुतोय म्हणून लगेच संशय घ्यायचा व्हय?"

"दंडाला घट्ट हुतोय, हे मी तुला कवा सांगितलं, प्रीती?"

आक्काताईंनी डोळे उघडले.