भिंतीवरचा आवाज

न्यूयॉर्कच्या चायनाटाऊनमधल्या ज्यूंच्या जुन्या प्रार्थनागृहाबाहेर रांग होती. आत एका चित्रकार मुलीनं भिंतींवर प्रकाशझोतानं पाडलेली गल्लीतल्या हयात आणि गेलेल्या माणसांची चित्रं हलत होती आणि त्यांचे आवाज ऐकू येत होते. माझ्यापुढे शिवणकाम करणारी मेइयुन आणि म्हातारे बेकरीवाले हर्शेल उभे होते.

"हर्शेलभाऊ, मी जाते घरी."

"अगं, नवऱ्याच्या आवाजाची टेप तूच दिलीस ना त्या चित्रकार मुलीला?"

"दिली. पण तो गेल्यापासून अकरा वर्षांत मी एकदाही ऐकली नाही."

"माझी आई पण आहे आत. आमच्या यिडिश भाषेतून शिव्या घालतेय मला."

"रडू नाही आलं?"

"आलं की. म्हणून तर आज परत आलोय."

दार उघडलं. आतून चिनी भाषेत एक पुरुष खेकसला.

"काय म्हणतोय गं?"

"जेवण गार होतंय म्हणतोय," म्हणत मेइयुन रांग मोडून आत धावली.